मॅटवरच्या धावा, मातीवरच्या धावा

धुळ्याच्या पांझरा क्रिकेट क्लबात त्या जानेवारीत हरण्याची भाषा कुणाच्या तोंडी नव्हती. नऊ सामन्यांपैकी आठ जिंकलेले, कॅप्टन ज्ञानेश्वर बोरसेच्या सहाशेच्या वर धावा झालेल्या, आणि भुसावळच्या तापी जिमखान्याने म्हणे दहापैकी जेमतेम पाच जिंकलेले. सहा वर्षं करंडक भुसावळला होता. यंदा तो आणायचाच, हे तर ठरलंच होतं. आणल्यावर ठेवायचा कुठे यावरही चर्चा झाली होती. क्लबच्या पत्र्याच्या खोलीत नको, उंदीर फार. सेक्रेटरी प्रेमराज नानांच्या घरी, काचेच्या कपाटात.

दोन क्लबांमधली ही मालिका दर जानेवारीत सुरू व्हायची. तीन सामने, प्रत्येक तीन दिवसांचा, पांढरे कपडे, लाल चेंडू, दोन-दोन डाव. पत्रकावर लांबलचक नाव छापलेलं असे, पण धुळ्या-भुसावळात सगळे तिला कसोटी मालिकाच म्हणत. पहिला सामना धुळ्यात, दुसरा भुसावळला आणि तिसरा, कुणाची तक्रार नको म्हणून, चाळीसगावात.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी संघ निवडायला सगळे जमले. प्रेमराज नानांनी क्लबची स्कोअरर दिपमाला निकम हिला सरासऱ्या काढून आणायला सांगितल्या होत्या. त्या पत्रकात छापायच्या होत्या, बाकी काही नाही. दिपमालाने एक कागद नानांच्या हातात दिला. नानांनी तो मोठ्याने वाचला, ज्ञानेश्वरच्या आकड्यावर टाळ्या पडल्या. चहा आला. दिपमालाच्या मांडीवर मात्र अजून चार कागद होते.

"नाना, मी जरा बोलू का?" ती म्हणाली.

"बोला की वहिनी."

"हाच संघ खेळवला तर आपण पहिला सामना जिंकू आणि पुढचे दोन्ही हरू."

एकाच्या हातातला चहा बशीत सांडला. कोपऱ्यातून कुणीतरी हसलं, आणि मग ज्याची तिला खात्रीच होती ते वाक्य आलं: "वहिनी माहेरचं बोलताय!"

दिपमालाचं माहेर भुसावळचं, ही गोष्ट क्लबात कुणी विसरू देत नसे. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, आणि आई तिला घेऊन जीवराममामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आली. मामा मालगाडीचे गार्ड. क्वार्टरसमोर मैदान. मामांना खेळता कधी आलं नाही, पण स्कोअर लिहिण्यात त्यांचा हात धरणारा माणूस साऱ्या कॉलनीत नव्हता. सुटीच्या दिवशी ते पांढरा शर्ट घालून, दोन पेनं, एक पेन्सिल आणि खोडरबर घेऊन टेबलाशी बसत. नऊ वर्षांची दिपमाला शेजारी स्टुलावर. मामांनी तिला पाढ्यांआधी बॉलिंगचं पृथक्करण शिकवलं असं आई म्हणायची. बाकीच्या मुली रांगोळीचे ठिपके मोजत तेव्हा ही ओव्हरमधले निर्धाव चेंडू मोजायची. मामांची शिस्त कडक. चौकार गेला की ती टाळी वाजवायला हात उचलायची, आणि मामा तिच्याकडे न बघता म्हणायचे, "पंचाची खूण झाली का? मग पेन धर. टाळ्या वाजवायला बाकीचं गाव आहे."

लग्न होऊन ती धुळ्याला आली. नवरा नवल, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. सासू प्रमिलाबाई, जिभेला धार पण पोटात माया. दिपमालाला नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात नोकरी लागली, कंपनीच्या बसने जाणं-येणं सुरू झालं, आणि क्रिकेट मागे पडलं. मग एकदा क्लबच्या बोअरची जळालेली मोटार नवलने भरून दिली, ती पोचवायला दोघं मैदानावर गेले, तेव्हा सामना चालू होता. मोटार बसेपर्यंत दिपमाला स्कोअररच्या पाठीमागे उभी राहिली. दोन ओव्हर तिने सहन केल्या. तिसऱ्या ओव्हरला तिच्या तोंडून निघूनच गेलं, "दादा, ती लेगबाय होती. बॉलरच्या नावावर कशी लावली?"

स्कोअररने वळून बघितलं आणि वैतागून पेन तिच्या पुढे केलं. "तुम्हीच बसा मग." ती बसली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

या नऊ वर्षांत क्लबात मोबाईलचं अ‍ॅप आलं. चेंडू पडला की बोट लावायचं, सरासरी आपोआप निघायची. पोरं त्यावरच खूश. दिपमाला अ‍ॅपही भरायची, पण स्वतःची मोठी वही तिने सोडली नाही. सुटलेला कॅच ती लाल पेन्सिलीने टिपायची. चेंडू खाली राहून कुणी बाद झालं तर बारीक बाण काढायची. सामना मॅटवर झाला की मातीच्या खेळपट्टीवर, हे पानाच्या डोक्यावर लिहायची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रोज संध्याकाळी भाजी निवडून झाली की, तिने अख्खा मोसम वेगळा करून मांडला. एका बाजूला काथ्याच्या मॅटवरच्या धावा, दुसऱ्या बाजूला मातीवरच्या. मांडता मांडता तिचे डोळे मोठे होत गेले. मामांशी तिचा दर रविवारी फोन व्हायचाच, आणि ते बढाई मारण्याच्या ओघात आपल्या संघाचं सगळं सांगून टाकायचे. तेही तिने टिपलेलं होतं.

म्हणून "माहेरचं बोलताय" ऐकून ती चिडली नाही. कागद पुढे सरकवून म्हणाली, "माहेरचं बोलले असते तर गप्प बसले असते. तुम्ही असेच खेळायला गेलात तर माहेरचाच फायदा आहे."

नाना हसले. "बरं, सांगा तर खरं."

"आपले नऊ सामने. सहा घरच्या मॅटवर. मॅटवर चेंडू छातीपर्यंत छान उसळतो, आपल्या सगळ्यांना मागे सरकून मारायची सवय. सहाच्या सहा जिंकलो. बाहेर मातीवर तीन. दोन जिंकलो, एक हरलो. जिंकलेले दोन कुणाविरुद्ध? एक कॉलेजची टीम, तिच्याविरुद्ध तीन विकेटने. दुसऱ्यांचा मेन बॉलर त्या दिवशी आलाच नव्हता."

"पण जिंकलोच ना," कुणी म्हणालं.

"जिंकलो. आता भुसावळ. दहा सामने, पाच विजय, तीन पराभव, दोन अनिर्णित. तिन्ही पराभव मॅटवर. मातीवर त्यांना यंदा कुणी हरवलेलं नाही. आपला दुसरा सामना मातीवर आहे आणि तिसराही."

मग तिने ज्ञानेश्वरकडे बघितलं. ज्ञानेश्वर शाळेत मास्तर, वागायला सरळ, खेळायला देखणा. त्याच्याबद्दल बोलणं सर्वांत अवघड, आणि तेच सर्वांत गरजेचं होतं.

"सर, तुमच्या सहाशे अकरा धावा. पाचशे अडतीस मॅटवर. मातीवर पाच डावांत त्र्याहत्तर. एकदा रनआउट. बाकी चारही वेळा बोल्ड नाहीतर एलबीडब्ल्यू, आणि चारही वेळा चेंडू खाली राहिलेला. तुम्ही मागे सरकता, चेंडू वर येतच नाही."

ज्ञानेश्वरचा चेहरा उतरला. "वहिनी, आकड्यांनी बॅटिंग होत नाही."

"नाही होत. पण झालेली बॅटिंग दिसते."

शेवटचा कागद अल्तमशचा होता. अल्तमश डावखुरा फिरकी बॉलर, सव्वीस वर्षांचा, फर्निचर पॉलिशच्या कामाला जाणारा. मोसमात चौदा बळी, सरासरी अडतीस. त्याला वगळून चौथा फास्ट बॉलर घ्यायचा हे सगळ्यांनी मनात धरलेलं. तो दारापाशी बसला होता, आपलं नाव आज येणार नाही हे ठाऊक असल्यासारखा. दिपमालाने वाचलं: मातीवरच्या तीन सामन्यांत बावन्न ओव्हर, एकवीस मेडन, शहाण्णव धावा, नऊ बळी. आणि मोसमभरात त्याच्या बॉलिंगवर सुटलेले कॅच अकरा. "त्यातले चार," ती म्हणाली, "इथे बसलेल्या एकाच माणसाच्या हातातून. नाव घेत नाही."

त्यावर मात्र सगळे हसले, आणि ज्याने सोडले होते तो सर्वांत मोठ्याने हसला. पण संघ जो ठरला होता तोच राहिला. अल्तमश बारावा. नाना दिपमालाला बाहेर सोडायला आले तेव्हा ओशाळून म्हणाले, "वहिनी, कमिटीत सात डोकी आहेत. माझं एक."

"नाना, मला राग नाही. कागद ठेवा तुमच्याकडे."

घरी प्रमिलाबाईंच्या कानावर सगळं आधीच गेलेलं होतं. शेजारचा मुलगा क्लबातला. त्या भाकरी थापत होत्या. "तू माहेरनी बाजू लेस का वं?" त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"नाही हो आई. जे लिहिलंय तेच सांगितलं."

"मंग खरं शे ते सांगी दे. लोके बोलतीन, बोलू दे." आणि भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "मना नवरा बी मना आयकत नव्हता. तरी मी सांगेच."

पहिला सामना धुळ्यात झाला, आणि तो एकतर्फी झाला. मॅटवर चेंडू टप्पा पडून असा वर यायचा की ज्ञानेश्वरने मागे सरकून एकशे अठ्ठेचाळीस धावा काढल्या. धुळ्याच्या तीनशे बेचाळीस. भुसावळ पहिल्या डावात एकशे एकाहत्तर, दुसऱ्यात एकशे साठ. एक डाव आणि अकरा धावांनी विजय, तोही तिसऱ्या दिवशी जेवणाआधी. दिपमालाच्या टेबलाशी जीवराममामा बसले होते. रिटायर झाले, सत्तरी आली, तरी भुसावळची वही त्यांच्याकडेच होती. नियमच तसा, दोन्ही संघांचे स्कोअरर एका टेबलाशी बसतात आणि ओव्हरगणिक बेरीज जुळवतात. मामा-भाची नऊ वर्षं अशी जुळवत आली होती.

संध्याकाळी पोरांनी ज्ञानेश्वरला खांद्यावर घेतलं. टेबलाजवळून जाताना एकाने ओरडून विचारलं, "काय वहिनी, काय म्हणते वही?"

"पहिला जिंकू असंच म्हणत होती," दिपमाला म्हणाली आणि बेरीज पुरी करत राहिली.

मामा गालात हसले. वही मिटताना हळूच म्हणाले, "तू सांगितलंयस त्यांना, नाही का?"

"सांगितलं."

"नाही ऐकलं?"

"नाही."

"आमच्या पथ्यावर पडलं," मामा म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

दोन आठवड्यांनी भुसावळ. मातीची खेळपट्टी, थंडीची सकाळ, आणि समोर गनी. गनी रेल्वेत फिटर, उंच, अंगाने काटक, चेंडू आत आणणारा. दिपमालाने आपल्या टिपणात लिहिलं होतं की गनी आठ ओव्हरनंतर दमतो, तोवर विकेट टिकवा. तेवढा सल्ला मात्र पोरांनी मानला. आणि तोच चुकला. गनीने एका दमात सोळा ओव्हर टाकल्या. ज्ञानेश्वर चार धावांवर बोल्ड, दुसऱ्या डावात नऊवर एलबीडब्ल्यू. दोन्ही वेळा मागे सरकलेला, दोन्ही वेळा चेंडू घोट्याच्या उंचीवर. धुळे एकशे अठरा आणि एकशे एकतीस, मधे भुसावळच्या दोनशे त्रेसष्ट. एक डाव आणि चौदा धावांनी हार. गनीचे अकरा बळी.

गनीचं कोडं दिपमालाला सुटेना. शेवटी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तिने मामांना विचारलंच.

"गेल्या वर्षी तो रात्रपाळीला होता," मामा म्हणाले. "रात्रभर शेडमध्ये, सकाळी मैदानात. दमणारच. दिवाळीपासून दिवसपाळी मिळालीय त्याला. तुझ्या वहीत त्याची ओव्हर दिसते, ड्युटी कुठे दिसते?"

ती खजील झाली. रोज दोनशे कामगारांच्या पाळ्या लिहिणारी बाई, आणि हेच सुचलं नाही.

मिनी बस परतीला निघाली. एरंडोल मागे पडल्यावर ज्ञानेश्वर मागच्या सीटवरून उठून पुढे आला आणि दिपमालाच्या शेजारी बसला. 

"वहिनी, वही दाखवा."

तिने काढली. बाद होण्याच्या सहा नोंदी, सहा बारीक बाण, सगळे खाली वळलेले. तो एकेक पान बघत गेला.

"त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही सगळ्यांसमोर माझं माप काढताय."

"काढत होतेच. पण कॅप्टनचं नाही काढायचं तर कुणाचं?" ती म्हणाली. "आणि माझंही ऐका. गनीबद्दल मी चुकले. तो दमतो म्हणून सांगितलं, ते गेल्या वर्षीचं होतं. उद्या नानांना सांगणार आहे, ते वाक्य माझं होतं म्हणून."

ज्ञानेश्वरने तिच्याकडे बघितलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "मग आता दोघं सारखेच. करायचं काय ते सांगा. चाळीसगावची खेळपट्टी कशी असते?"

"काळी माती. भुसावळपेक्षा मंद. चेंडू वर येतच नाही, उशिरा वळतो. पुढे पाय टाकून खेळावं लागेल. आणि अशा मातीवर सराव पाहिजे. आपल्याकडे नेटमध्येसुद्धा मॅटच."

"काळी माती कुठून आणायची दोन आठवड्यांत?"

पुढच्या सीटवर नवल बसला होता. तो सामन्याला मुद्दाम दुकान बंद करून आला होता. वळून म्हणाला, "आणायची कशाला? वना आबांचं खळं आहे की."

वना आबा म्हणजे नवलचे चुलते. शहरापासून बारा किलोमीटरवर, नरडाण्याच्या रस्त्याला त्यांचं शेत. तुरीचं खळं होऊन गेलेलं, दादर ज्वारी यायला अजून अवकाश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिपमाला, नवल आणि ज्ञानेश्वर तिथे पोचले. काळ्या मातीचं, पाणी मारून चोपलेलं, शेणाने सारवलेलं गोल खळं. ज्ञानेश्वरने खिशातून चेंडू काढून जोरात आपटला. चेंडू गुडघ्यापर्यंतही आला नाही. त्याने पुन्हा आपटला. मग दिपमालाकडे बघून नुसती मान हलवली.

वना आबांना आधी काही कळेचना. "बठ्ठा धुळाना पोरे मना खळावर खेळतीन?"

"दोन आठवडे, आबा. मग आम्ही परत सारवून देतो," दिपमाला म्हणाली.

आबांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. "खेळा. पन खिया लायेल बूट बाहेर काढी ठेवा. मनं खळं खराब व्हई जाई."

म्हणून मग रोज पहाटे, अंग काकडवणाऱ्या थंडीत, पाच-सहा मोटारसायकली त्या शेतात येत. खळं बावीस यार्डांना पुरत नव्हतं. बॉलर बाहेरून, तुरीच्या खुंटांतून वाट काढत धावत येई आणि चेंडू खळ्यावर टप्पा घेई. खिळ्यांचे बूट बांधावर, बॅट्समन अनवाणी. अल्तमश या मातीवर आला आणि जणू घरी आला. त्याचा चेंडू टप्प्यावर थांबून विचार करायचा आणि मग वळायचा. पहिल्या सकाळी त्याने ज्ञानेश्वरला सात वेळा चकवलं. ज्ञानेश्वरचा पाय सवयीने मागेच जायचा. तिसऱ्या दिवशी त्याने वना आबांकडून विळ्याची मूठ मागून घेतली, क्रीजच्या मागे जमिनीत रोवली आणि म्हणाला, "आता मागे गेलो तर पाय दुखेल." पाय दोनदा दुखला. नंतर नाही.

रविवारी दिपमालाही आली. मोजलं. पन्नास चेंडूंत बेचाळीस वेळा ज्ञानेश्वरचा पाय पुढे. तिने आकडा मोठ्याने सांगितला, आणि बांधावर बसलेले आबा ओरडले, "मंग आठ चेंडू मांगे काब्र गयात?" त्या आठांवर पुन्हा अर्धा तास गेला.

तिसऱ्या सामन्याच्या संघनिवडीला कमिटीतल्या सात डोक्यांत वाद झाला नाही. नानांनी अल्तमशचं नाव पहिलं लिहिलं, मग कॅप्टनचं. दिपमालाने गनीबद्दलची आपली चूक उभी राहून सांगितली, आणि खाली बसता बसता म्हणाली, "चाळीसगावात मात्र जिंकू. आता कागद बघायची गरज नाही, मी पाय बघितलेत."

चाळीसगावात शुक्रवारी सकाळपासून माणसं जमली. धुळ्याहून पॅसेंजरने पोरं आली, भुसावळकर मुंबईकडच्या गाड्यांनी उतरले. भुसावळने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. जेवणानंतर ज्ञानेश्वरने अल्तमशला एका टोकाने लावलं आणि संध्याकाळपर्यंत काढलं नाही. एकोणतीस ओव्हर, बारा मेडन, एकेचाळीस धावा, पाच बळी. भुसावळ एकशे चौसष्ट. पण गनी होताच. दुसऱ्या दिवशी त्याने धुळ्याला एकशे एक्कावन्नमध्ये गुंडाळलं. ज्ञानेश्वरने अडतीस केल्या, मातीवरच्या त्याच्या मोसमातल्या सर्वांत जास्त, आणि दोन तास लावून केल्या. लोकांना कंटाळा आला. दिपमालाने त्याच्या नावापुढे बाण काढला नाही. तो बाद झाला तो कॅचवर.

भुसावळचा दुसरा डाव एकशे बावीसवर आटोपला. अल्तमशचे आणखी चार. त्यातला एक कॅच मिडऑनला उंच गेला, आणि खाली नेमका तोच माणूस होता, ज्याच्या हातातून चार सुटले होते. दिपमालाने लाल पेन्सिल उचलून हातात धरली. त्याने चेंडू पोटाशी घट्ट धरला आणि तसाच खाली बसून राहिला. पेन्सिल तिने परत ठेवली.

धुळ्याला जिंकायला एकशे छत्तीस हव्या होत्या, आणि रविवारचा जवळजवळ अख्खा दिवस हातात. घाई नव्हती. पण घाई नसलेल्या धावाच जड जातात. गनी सकाळी ताजातवाना. तीस धावांत तीन गेले. ज्ञानेश्वर आला आणि पाय पुढे टाकून चेंडू पायाशीच मारून टाकू लागला. एक-एक धाव. जेवणाला बासष्टला चार. चहाच्या थोडं आधी एकशे चारला सात. तंबूत कुणी जागा बदलेना, जो जिथे बसला होता तिथेच. नाना तर उन्हातच बसून राहिले.

मामांनी पेन थांबवलं. "दिपा, सत्तावन्नावी ओव्हर की अठ्ठावन्नावी?"

"सत्तावन्नावी, मामा. चेंडू चौथा."

"हां. सत्तावन्न." त्यांनी खोडलं, नीट लिहिलं. "छातीत धडधडतंय, पोरी. इतकी वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं."

"माझंही धडधडतंय. पेन धरा."

मामांनी तिच्याकडे बघितलं, आणि दोघं एकदम हसली.

एकशे एकोणतीसवर आठवा गेला. अल्तमश बॅटिंगला आला. बॅटिंगमध्ये त्याची सरासरी चार. सात धावा हव्या. ज्ञानेश्वर त्याच्याशी काही बोलला, आणि अल्तमशने मान डोलावली. गनीची ओव्हर. पहिला चेंडू खाली राहिला, अल्तमशची बॅट जमिनीला टेकलेलीच होती. अडला. दुसरा अडला. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. खळ्यावर सकाळी बॉलिंग झाली की ज्ञानेश्वर त्यालाही पंधरा मिनिटं बॅट हातात द्यायचा, आणि त्याने तेवढंच शिकून घेतलं होतं: बॅट खालीच ठेवायची. पुढच्या ओव्हरला ज्ञानेश्वरने दोन धावा काढल्या, मग एक. पुन्हा अल्तमश, पुन्हा अडवाअडवी. आणि त्यानंतरच्या ओव्हरमध्ये ज्ञानेश्वरने पाय लांब पुढे टाकून चेंडू कव्हरमधून जमिनीलगत मारला. चेंडू सीमेकडे गेला. एकशे छत्तीस. ज्ञानेश्वर नाबाद एकसष्ट.

मैदानात पोरं धावली. दिपमाला जागची हलली नाही. पंचांनी चौकाराची खूण केली, तिने चार लिहिले. मामांनी चार लिहिले. दोघांनी बेरीज जुळवली. जुळली. मग मामांनी तिच्या वहीवर सही केली, तिने त्यांच्या. तेवढं झाल्यावर तिने पेन ठेवलं, दोन्ही हात वर केले आणि कडकडून टाळ्या वाजवल्या. भुसावळची माणसं बाजूलाच होती. मामांनी आपल्या पेनाला टोपण लावलं.

गनी घामाने निथळत टेबलाशी आला. "अक्का, माझ्या किती झाल्या?"

"सत्तावीस ओव्हर, चोपन्न धावा, पाच बळी," दिपमाला म्हणाली. "आणि एक सांगू? यंदा बघितलेला सर्वांत चांगला स्पेल."

"हरलो की."

"ते वरच्या ओळीत लिहिलंय. खाली तुझी ओळ वेगळी आहे." गनीने मान झुकवून ती ओळ वाचली, मोबाईलने फोटो काढला आणि हसत गेला.

करंडक धुळ्याला आला, नानांच्या कपाटात गेला. घरी दारातच प्रमिलाबाई उभ्या होत्या. "जिकी उनात का?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी गुळाचा खडा दिपमालाच्या तोंडात घातला आणि नवलला म्हणाल्या, "आता तरी बायकोनं आयकत जाय." नवल म्हणाला की खळं त्यानेच सुचवलं होतं, पण ते कुणी ऐकलं नाही.

मार्चमध्ये क्लबाची वार्षिक सभा झाली. निवड समितीत आठवी खुर्ची मांडायचा ठराव आला आणि एकमताने पास झाला. दिपमाला त्या खुर्चीवर बसली. नानांनी पुढच्या मोसमाचं आमंत्रण वाचलं: नंदुरबारचा एक नवा क्लब, तीन दिवसांचे दोन सामने. कुणाला त्यांची काही माहिती नव्हती. अ‍ॅपवर त्यांचं नाव नव्हतं.

"यांचे आकडे कुठून काढायचे वहिनी?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"आकडे नाहीत तर जाऊन बघायचं," दिपमाला म्हणाली. "येत्या शनिवारी त्यांची मॅच आहे, मी चौकशी केली. नवलला गाडीत पेट्रोल भरायला सांगितलंय. सर, तुम्ही येताय का?"

"येतो," ज्ञानेश्वर म्हणाला. दारापाशी बसलेल्या अल्तमशनेही हात वर केला.